समुद्रकिनाऱ्याचा पाठ आणि नदीकाठची फेरी

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत समुद्रकिनारा, भरती-ओहोटी आणि सागरी जीव हा विषय केव्हा ना केव्हा येतोच. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिक्षकास त्यासाठी फारसे सायास पडत नाहीत. ओहोटीची वेळ पाहून त्याने मुलांना पुळणीवर नेले की निम्मा पाठ आपोआप होतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, अरण्याच्या पोटात आहेत. येथील बहुसंख्य मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो आणि पुष्कळदा शिक्षकानेही तो मुंबईस गेला असता एकदोन वेळाच, तोही गर्दीतून, पाहिलेला असतो. साहजिकच हा पाठ पुस्तकातील चित्रावर भागविला जातो. मुले शब्द पाठ करतात, परंतु समुद्र म्हणजे काय असे विचारले तर ‘खूप मोठा तलाव’ असे उत्तर येते.

हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. झाडीपट्टीतील मुलाने गावची बोडी पाहिलेली असते, जुना मालगुजारी तलाव पाहिलेला असतो. ज्ञात वस्तूच्या आधारे अज्ञात वस्तू समजून घेण्याचा त्याचा यत्न अगदी योग्य मार्गाने चाललेला आहे. फक्त त्याने हाताशी धरलेली वस्तू अपुरी पडते. तलावाचे पाणी पाळीच्या आत उभे असते. समुद्राशी त्याची गाठ पडत नाही. समुद्राशी नाते आहे ते नदीचे. यास्तव समुद्रकिनाऱ्याचा पाठ हाती घेण्यापूर्वी वर्गाला एकदा नदीकाठी, दीडएक किलोमीटरच्या सोप्या वाटेने, दोन तास फिरवून आणावे. या फेरीत समुद्राशी साम्य असलेल्या अनेक गोष्टी दिसतील. तथापि तिचा खरा उपयोग साम्याहून भेद दाखविण्यात आहे. नदी हा लहान समुद्र नव्हे, हे ज्या मुलास एकदा उमगले त्यास समुद्राचा पाठ पुढे जड जात नाही.

आपले पाणी कोणत्या समुद्रास मिळते

फेरीपूर्वी एक तास नकाशासाठी द्यावा. महाराष्ट्रास सातशेहून अधिक किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा आहे आणि तो पश्चिमेस, अरबी समुद्रावर आहे, हे मुलांनी वाचलेले असते. त्यावरून आपल्या गावचे पाणीही तिकडेच जात असावे, असा त्यांचा समज होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा जिल्ह्यातून खाली उतरते आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन दक्षिणेस वाहते. चपराळ्यापाशी तिला वर्धा नदी मिळते आणि तेथून पुढे त्या जोडप्रवाहास प्राणहिता हे नाव आहे. सिरोंचापाशी प्राणहिता गोदावरीस मिळते. आणखी खाली सोमनूर येथे इंद्रावती येऊन मिळते. मग हे सारे पाणी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरास जाते. गोदावरीची गंमत अशी की ती त्र्यंबकेश्वरास उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून शंभर किलोमीटरही दूर नसतो. परंतु मधे सह्याद्रीची भिंत असल्याने ती पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटर चालत पूर्व समुद्र गाठते.

प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या नाल्यापासून ही वाट बोटाने काढावी. गडचिरोलीजवळच्या मुलाचे बोट कठाणीवरून वैनगंगेत येईल, चंद्रपूरच्या मुलाचे इरईवरून वर्धेत, आणि भामरागडच्या मुलाचे पर्लकोटेवरून इंद्रावतीत. सर्वांची बोटे शेवटी एकाच ठिकाणी, गोदावरीच्या मुखापाशी, भेटतात. तेथे काकिनाड्याजवळ कोरिंग्याचे खारफुटीचे अरण्य आहे आणि जवळच्या वाळूच्या बेटावर समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. गडचिरोलीच्या मुलाचा समुद्र हा आहे, मुंबईचा नव्हे.

याच तासाला गावातील वडीलधाऱ्यांची मदत घेता येते. मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या वसाहती वसल्या. त्यांच्यातील एखाद्या वृद्ध आजोबांनी भरतीच्या वेळी उलट दिशेने वाहणारी नदी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली असणे संभवनीय आहे. अशा व्यक्तीस वर्गात मानाने बोलवावे. सिरोंचा भागातील तेलुगुभाषक कुटुंबांचे सोयरसंबंध नदीच्या खालच्या अंगास असतात. त्यांच्याकडेही सांगण्यासारखे काही निघेल. गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांकडून पाणी, मासा, खेकडा, कासव यांचे त्यांच्या घरचे शब्द विचारून फळ्यावर मराठी शब्दांशेजारी लिहावेत. गोंडीत पाण्यास ‘एर’ आणि माशास ‘मीन’ म्हणतात. मराठी पंचांगातील मीन राशीचा हा शब्द गोंड मुलाच्या घरी रोजच्या वापरात आहे, हे पाहून वर्गास मौज वाटेल आणि जे मूल एरवी मागच्या रांगेत गप्प बसते त्याला त्या दिवशी पुढे यावेसे वाटेल.

जागा, वेळ व खबरदारी

मार्गशीर्ष ते माघ हे तीन महिने या फेरीस उत्तम. पूर ओसरून काठ कोरडा झालेला असतो, पाणी निवळलेले असते आणि थंडीचे पाहुणे पक्षी आलेले असतात. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. देवळांमुळे तेथे वाटाही मळलेल्या आहेत. जवळपासच्या शाळांना ती जागा सोयीची, मात्र महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस टाळावेत. ज्या गावास मोठी नदी नाही तेथे बारमाही नाला चालेल. लांबच्या प्रेक्षणीय स्थळापेक्षा गावालगतचा, मुलांच्या पायाखालचा काठ अधिक चांगला, कारण तेथे पुन्हा पुन्हा जाता येते.

आता खबरदारीविषयी. या बाबतीत काटकसर करता येत नाही. नदी दिसते तशी नसते. रेतीघाटांवर उपशाने पडलेले खड्डे पाण्याखाली झाकले जातात. घोटाभर पाण्यातून चाललेले मूल एका पावलात गळ्याएवढ्या पाण्यात जाते. पुराने खालून पोखरलेला काठ वरून भक्कम भासतो आणि चारपाच मुले एकत्र उभी राहिली की ढासळतो. तिसरा धोका धरणांचा आहे. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे खाली आकाश निरभ्र असतानाही वैनगंगा चढते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील पावसाचे पाणी धरणातून सोडावे लागले तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील व त्याखालील नदीकाठच्या गावांना हा अनुभव फार कडू रीतीने आला. तेव्हा चिचडोह किंवा अन्य बंधाऱ्याच्या वर वा खाली जाण्यापूर्वी पाणी सोडण्याची सूचना आहे काय, हे तलाठी किंवा पोलीसपाटील यांच्याकडे विचारून घ्यावे.

या फेरीत कोणत्याही मुलाने, पोहणाऱ्या मुलानेसुद्धा, पाण्यात उतरावयाचे नाही. पाण्याच्या कडेपासून तीन पावलांवर काठीने रेघ ओढावी; ती रेघ शिक्षकाने दाखविलेल्या उथळ जागेशिवाय कोणी ओलांडू नये. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. निघताना, मधे एकदा आणि परतताना मुलांची मोजणी करावी. बरोबर एक लांब दोर, एक शिट्टी आणि एक हवा भरलेली मोटारीची ट्यूब असावी. गावातील ढिवर समाजापैकी एखादा जाणता मनुष्य सोबतीस मिळाला तर शिक्षकाची निम्मी चिंता मिटते. नदीचा कोणता डोह कोठे आहे हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते, आणि माशांच्या नावांचा तर तो कोशच असतो.

अरण्यातील जिल्ह्यास आणखी एक गोष्ट लागू पडते. वाघ व अस्वल पाण्यास नदीवरच येतात आणि काठची झुडपे दाट असतात. २०२१ पासून गडचिरोली जिल्ह्यात छत्तीसगढकडून आलेल्या रानहत्तींचाही वावर सुरू झाला. म्हणून आदल्या दिवशी वनरक्षकास विचारूनच जागा ठरवावी, ऊन चांगले वर आल्यावर निघावे आणि मोकळ्या रेतीवरूनच चालावे. ज्या पाण्यात मगर असल्याचे गावकरी सांगतात, त्या काठास ही फेरी नेऊच नये.

प्रत्यक्ष फेरी

आरंभ पाण्यापाशी न करता काठावरच्या उंच जागी करावा. तेथे झाडांच्या फांद्यांत, कुंपणांत, कधी माणसाच्या डोक्याहूनही उंच, वाळलेले गवत, काड्या आणि चिंध्या अडकलेल्या दिसतील. ती पुराची रेघ. जुलै २०२२ चा पूर कोठवर आला होता, हे गावातील कोणीही दाखवील. समुद्रकिनाऱ्यावरही अशीच रेघ असते; भरतीच्या पाण्याने आणलेले शेवाळ, शिंपले आणि काटक्या एका ओळीत पडलेल्या असतात. परंतु समुद्र ती रेघ दिवसातून दोन वेळा ओढतो, आणि नदी वर्षातून एकदोनदाच. हा फरक मुलांना येथेच, रेघेखाली उभे करून, सांगावा.

मग हळूहळू उतरावे. प्रत्येक पंचवीस पावलांवर थांबून पायाखाली काय बदलले ते विचारावे. वर बाभूळ व करंज, त्याखाली कास गवत व झाऊची झुडपे, मग लव्हाळा, मग उघडी रेती, मग ओली रेती. कोठे ढिवर मंडळींच्या डांगरवाड्या लागतात. ज्यास पुराचे पाणी जितके सोसते तितकी त्याची जागा खाली. कोकणातील खडकाळ किनाऱ्यावर हीच मांडणी काही हातांच्या अंतरात दिसते: वरच्या खडकास चिकटलेल्या जीवांस तासन् तास उन्हात कोरडे राहणे सोसते, मधे कालवे, आणि अगदी खाली, जेथून पाणी क्वचितच हटते तेथे, समुद्रफुले व तारामासे. पट्टे पाडणारे कारण दोन्हीकडे एकच. कोणी किती काळ कोरडे राहू शकतो आणि किती काळ बुडून राहू शकतो.

ओली रेती ही सकाळच्या वेळी पाटीच असते. टिटवीची तीन बोटे, बगळ्याची लांब पावले, खेकड्याच्या बिळाबाहेर पडलेल्या मातीच्या गोळ्या आणि कोठेतरी एक वाकडीतिकडी रुंद रेघ, जणू कोणी बोट ओढीत नेले आहे. त्या रेघेच्या टोकाशी रेतीत हलकेच उकरले तर बहुधा जिवंत शिंपला सापडतो. तो एका मांसल पायाने रेती लोटीत पाण्यामागे सरकत असतो. मुलांनी रिकामे शिंपले शेकड्याने पाहिलेले असतात. चालणारा शिंपला मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. पाहून झाल्यावर तो होता तेथे, होता तसा, ठेवावा.

उथळ, गोट्यांच्या जागी शिक्षकाने स्वतः दोनचार दगड उलटून दाखवावेत. दगडाच्या खालच्या बाजूस चपट्या अळ्या, चतुराची पाण्यातील पिल्ले आणि कधी रेतीचे कण एकमेकांस चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी आढळते. नळीत एक अळी राहते आणि घर घेऊनच चालते. समुद्रकाठी शंखात राहणारा खेकडा असतो, तो मेलेल्या गोगलगायीचे घर घेतो. नदीतील ही अळी आपले घर स्वतः बांधते. दगड उलटला की तो पुन्हा त्याच बाजूने ठेवावयाचा, हा दंडक मोडू देऊ नये. खालचा जीव उन्हात उघडा पडला की मरतो. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने निसर्गप्रेमी मंडळी ओहोटीच्या वेळी नागरिकांना गिरगाव, जुहू, हाजीअली येथील किनाऱ्यावर नेऊन सागरी जीव दाखवू लागली. एवढ्या मोठ्या शहराच्या सांडपाण्याच्या काठीही शेकडो प्रकारचे जीव आहेत, हे त्यांच्या फेऱ्यांमुळे लोकांच्या नजरेस आले. तेथे जी शिस्त लागते तीच येथेही लागते.

यानंतर दहा मिनिटे सर्वांनी न बोलता बसावे. लहान वर्गास हे अवघड आहे, परंतु अशक्य नाही. पक्षी तेवढ्या वेळात परत येतात. खंड्या, पाणकावळा, ढोकरी हे मुलांच्या ओळखीचे. शेपूट हलविणारा धोबी व नारिंगी-तपकिरी चक्रवाक हे हिवाळ्याचे पाहुणे. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी आणि दुभंगलेली शेपटी असा जो पक्षी पाण्यावरून तरंगत जातो व मधेच सूर मारतो, तो नदीसुरय. समुद्रावरील सुरय व कुरव यांचा हा सख्खा भाऊबंद. नदीसुरय मार्च ते मे या काळात नदीपात्रातील रेतीच्या बेटांवर, उघड्यावरच, अंडी घालतो. अंडी रेतीच्या रंगाची असल्याने ती पायाखाली येतात. म्हणून फाल्गुनापासून पुढे बेटांवर पाय ठेवू नये.

पिल्लांचा प्रश्न

या पाठाचा गाभा येथे आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो सहसा येत नाही. यासाठी पुरेसा वेळ राखावा.

समुद्रातील बहुतेक खेकडे, कालवे, शिंपले, तारामासे यांची एक सामान्य रीत आहे. त्यांच्या अंड्यांतून निघणारी पिल्ले आईबापांसारखी दिसत नाहीत. ती डोळ्यांस जेमतेम दिसतील एवढी सूक्ष्म असून पाण्यात तरंगत, प्रवाहाबरोबर दूर जात वाढतात आणि मग कोठेतरी तळास लागून मोठ्यांचे रूप घेतात. लाखो पिल्लांतून थोडीच जगतात, परंतु जातात तेथे समुद्रच असतो. आता मुलांपुढे प्रश्न ठेवावा: वैनगंगेतील खेकड्याने आपली पिल्ले अशीच पाण्यावर सोडली तर काय होईल? मुले विचार करतील, आणि नकाशाचा तास नीट झाला असेल तर उत्तर येईल की ती वाहून जातील. सिरोंचास, राजमहेंद्रीस, आणि शेवटी खाऱ्या पाण्यात.

म्हणून गोड्या पाण्यातील खेकड्याने ती रीत सोडली. त्याची अंडी मोठी व संख्येने थोडी असतात. मादी ती पोटाखालच्या पाळीत धरून ठेवते, आणि त्यांतून एकदम तयार, चिमुकला खेकडाच बाहेर पडतो. तोही काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो. पावसाळ्यात बांधांवर अशी पिल्ले बाळगणारी मादी मुलांनी पाहिलेली असते. तिला पकडल्यावर काय दिसले हे त्यांनाच सांगू द्यावे. शिंपल्याची युक्ती याहून विलक्षण आहे. नदीतील शिंपल्याची सूक्ष्म पिल्ले माशाच्या कल्ल्यांस किंवा परांस चिकटतात आणि काही काळ त्याच्यावर स्वारी करून मग तळाशी उतरतात. प्रवाहाविरुद्ध जाण्यासाठी शिंपल्यास पाय पुरत नाही, तेव्हा तो माशाचे पर वापरतो. ज्या डोहातील मासे संपले तेथील शिंपलेही काही वर्षांत का संपतात, याचे एक कारण यात आहे.

काही जीवांनी मात्र समुद्राशी संबंध पुरता तोडलेला नाही. गोदावरीतील मोठ्या झिंग्याची पिल्ले मचूळ पाण्यातच वाढू शकतात. म्हणून मादी पावसाळ्यात खाली खाडीकडे जाते आणि वाढलेली पिल्ले प्रवाहाविरुद्ध पुन्हा वर चढतात. नाल्यांतील लहान झिंगे हा प्रवास करीत नाहीत. सापासारखा लांब असा एक मासा, ज्यास अहीर म्हणतात, तो उलट रीतीने वागतो. आयुष्य गोड्या पाण्यात काढतो आणि प्रजननासाठी खोल समुद्रात जातो. आपल्याकडील काटेरी पाठीची वाम ही निराळी. ती नदीतच जन्मते व नदीतच मरते. बंगाल्यांचा आवडता हिलसा समुद्रात राहून अंडी घालण्यास नदीत शिरतो. गोदावरीत त्याची वाट राजमहेंद्रीजवळील धवळेश्वरमच्या बंधाऱ्याने अडली. आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली तो १८४७ ते १८५२ या काळात बांधला गेला आणि त्याने डेल्ट्यातील लाखो एकरांस पाणी दिले. त्यानंतर नदीवर ठिकठिकाणी बंधारे झाले. सिरोंचासमोरचा मेडिगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. बंधाऱ्यांचे लाभ व हानी हा मोठ्यांच्या वादाचा विषय आहे. शिक्षकाने त्यात मुलांना ओढू नये. परंतु भिंत आली की खालून वर चढणाऱ्या जीवाची वाट अडते, एवढी गोष्ट निर्विवाद आहे आणि ती मुलांनी जाणावी.

कासवाचे उदाहरण शेवटी घ्यावे. कासव पाण्यात राहो वा समुद्रात, अंडी जमिनीवरच घालते. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने समुद्रकासवांची घरटी राखण्यास आरंभ केला. पूर्वी जी अंडी खाल्ली वा विकली जात, त्यांतून पिल्ले निघून समुद्राकडे धावू लागली आणि ती पाहण्यास लोक दुरून येऊ लागले. आपल्या नद्यांतील मऊ पाठीची कासवेही काठच्या रेतीत व मातीत अंडी घालतात. ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. घरटे दिसल्यास झाकून ठेवावे आणि वनरक्षकास कळवावे.

मीठ आणि भरती

दोन गोष्टी नदीकाठी दाखविता येत नाहीत: खारटपणा व भरती. त्यांची सोय वर्गात करावी.

एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लिटरभर पाण्यात साधारण सहा सपाट चहाचे चमचे मीठ विरघळवावे आणि मुलांनी बोटाचे टोक बुडवून जिभेस लावावे, पिऊ नये. नंतर एका ताटलीत हे पाणी आणि दुसरीत नदीचे पाणी उन्हात ठेवावे. कोरड्या झालेल्या दोन ताटल्या पुष्कळ काही सांगून जातात. या प्रसंगी अंडे तरंगविण्याचा प्रयोग करण्याचा मोह होतो. समुद्राच्या पाण्यात अंडे तरंगते असे काही ठिकाणी शिकविलेही जाते. ते खरे नव्हे. समुद्राइतक्या खारट पाण्यात ताजे अंडे बुडतेच. ते वर येण्यास त्याच्या तिपटीहून अधिक मीठ लागते. हा प्रयोग करावयाचा तर चमचे मोजून करावा, म्हणजे चूक मुलांच्याच ध्यानात येईल.

भरतीसाठी पंचांग घ्यावे. कोकणातील कोळी बांधव तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत अधिक चढते व तितकेच उतरते, त्यास उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी असतो, तो भांग. मुंबईस अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी भर भरती दुपारी बाराच्या आसपास असते. मुलांनी महिनाभर रात्री चंद्र पाहून वर्गातील दिनदर्शिकेवर त्याचा आकार काढावा आणि त्या दिवशी कोकणात उधाण असेल की भांग, ते शेजारी लिहावे. समुद्र न पाहता समुद्राची हालचाल सांगता येते, याचे त्यांना फार नवल वाटते.

येथे समुद्र होता काय?

हा प्रश्न एखादे मूल विचारीलच. उत्तर होकारार्थी आहे, पण जपून द्यावे. राजुरा, कोरपना, गडचांदूर भागात ज्या चुनखडकावर सिमेंटचे कारखाने चालतात, तो पैनगंगा गटाचा चुनखडक शंभर कोटी वर्षांहून जुना असून समुद्रतळाशी साचलेला आहे. त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात. त्यात शिंपले मात्र शोधू नयेत. त्या काळी शिंपला धारण करणारे प्राणी पृथ्वीवर अजून झालेलेच नव्हते. उलट सिरोंचा तालुक्यातील वडधम व कोटा परिसरात डायनोसोरांच्या काळातील जे अवशेष मिळतात, त्यांत मासे असले तरी ते गोड्या पाण्याचे आहेत. मासा दिसला की समुद्र, असा निष्कर्ष काढू नये. वडधमचे जीवाश्म वनविभागाने राखलेले आहेत. तेथून खडाही उचलून आणावयाचा नाही.

फेरीची नोंद

शाळेत परतल्यावर निबंध लिहवून घेण्याची घाई करू नये. त्याऐवजी एक मोठा कागद भिंतीस लावून त्यावर काठाचा उभा छेद काढावा, वर पुराची रेघ आणि खाली पाणी, आणि ज्याने जे जेथे पाहिले ते त्याने तेथे काढावे. ज्याने काहीच पाहिले नाही असे मूल बहुधा निघत नाही. कोकणातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेशी पत्रव्यवहार जुळविता आल्यास या चित्राची नक्कल तिकडे पाठवावी आणि त्यांच्या किनाऱ्याचे तसेच चित्र मागवावे. दोन्ही शेजारी लावली की तुलनेचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

फेरीच्या दिवशी पाण्याच्या कडेस शिक्षकाने एक खुंट ठोकावा आणि त्यावर तारीख लिहावी. दर पंधरवड्यास, गावातील मोठ्या माणसास सोबत घेऊन, नव्या कडेस नवा खुंट ठोकावा आणि आधीच्या खुंटापासून किती पावले अंतर पडले ते चित्राखाली मांडावे. फाल्गुनअखेर सहासात खुंटांची ओळ तयार होते. मधेच एखाद्या पंधरवड्यात कडा खाली जाण्याऐवजी वर आलेली आढळली, तर त्या दिवसांत पाऊस पडला होता की वरच्या धरणातून पाणी सुटले होते, याचा शोध मुलांनी घ्यावा. खुंट काढू नयेत. त्यांतील कोणता खुंट किती तारखेस बुडतो, हे आषाढात पुढच्या वर्गाने काठावरूनच पाहून लिहावयाचे आहे.